गेटाबाहेरची पोरं

उजळाईवाडीच्या कुंपणाशी, चहाच्या टपरीमागं
आम्ही चौघं: तन्झीला अत्तार, सुमेध, प्रणित आणि मी.
खांद्यावर पट्ट्या नाहीत अजून.
वहीत दोनशे सात तास उड्डाणाचे,
आणि बँकेत त्याच तासांचा हप्ता, दर पाच तारखेला.

मोबाइलवर करार आलाय. एकोणीस पानं.
तन्झीला वाचते हवामानाचा अहवाल वाचावा तशी:
प्रशिक्षणाचा खर्च उमेदवाराचा.
पहिले सहा महिने विनावेतन.
पाच वर्षं सोडून जाता येणार नाही.
कलम नऊ: थकल्याचं कळवल्यास तो दिवस बिनपगारी.
इथं ती थांबते.
वारा पश्चिमेचा, आठ नॉट, सुमेध उगाच म्हणतो.
कुणी हसत नाही.

"करून टाकू सही," प्रणित म्हणतो,
"आत गेलो की बघू. आत्ता आपण आहोत कोण?"

हा प्रश्न घेऊन घरी आले.
आप्पा जेवत होते.
उजव्या हाताची दोन बोटं नाहीत, तरी भाकरी नेमकी मोडतात.
उद्यमनगरात शेपरनं घेतलेली,
दुसऱ्या पाळीच्या चौथ्या तासाला.
लहानपणी वाटायचं, बोटं मशीननं खाल्ली.
मोठेपणी कळलं, झोपेनं.

"एकवीस दिस बसलो संपावर," आप्पा म्हणाले,
"मागणं एकच, डबल पाळी बंद.
मालक काय हरवणार हुता आम्हास्नी?
हरवलं ते गेटाबाहेरच्या पोरांनी.
आयटीआय झालेली, कोरी, तुझ्याएवढी.
निम्म्या पगारावर शिरली आत.
लई शिव्या घातल्या.
मग रातभर वाटत राह्यलं,
मीटिंगला त्यांना बोलावलं हुतं कुणी?"
आणि मीठ मागितलं.
आप्पांचं भाषण एवढंच असतं.

गच्चीवर उभी राहिले.
कोण आहोत आम्ही?
आतला दमलेला कॅप्टन 'नाही' म्हणू बघतो
तेव्हा साहेब खिडकीतून बोट दाखवतो ते आमच्याकडं:
रांग बघ.
काही न करता, नुसतं उभं राहून
आम्ही कुणाची तरी झोप स्वस्त करतो.

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर
म्हशी पंधरा, मालक पंधरा, भाव एक.
एकानं रुपया पाडला
की उद्या सगळ्यांच्याच म्हशींची पेंड कमी.
यात शिकण्यासारखं काही आहे
हे मला बावीस वर्षं दूध पिऊनही सुचलं नव्हतं.

रविवारी टपरीवरच पत्र लिहिलं, पायलटांच्या संघटनेला.
"आम्ही अजून तुमच्यातले नाही.
तरी बैठकीत आमच्यासाठीही सतरंजी टाका.
आम्हाला आलेला करार सोबत जोडलाय.
कलम नऊ असेतो आम्ही सही करणार नाही.
कुणी आमची रांग दाखवली, तर हे पत्र दाखवा."
बारामतीतून अकरा नावं आली, गोंदियातून सात,
धुळ्यातून दोन, त्यातलं एक परत गेलं.

मंगळवारी प्रणितचा फोन. सही केली म्हणाला.
"हप्ता गं, हप्ता."
उद्यमनगरची शिवी ओठांपर्यंत आली होती.
गिळली.
"आत गेलास की तास लिहून ठेव. खरे तास.
आणि आम्हाला विसरू नको."
बराच वेळ त्याचा श्वास तेवढा ऐकू आला.
"लिहीन."

पत्राला उत्तर नाही अजून.

आज आप्पांना स्कूटरवर कुंपणाशी आणलं.
संध्याकाळचं विमान उशिरा, दिवे लागल्यावर आलं.
नाक जरासं डावीकडं, मग सरळ.
पोरंटोरं टाळ्या पिटायला लागली.
आप्पांनी विचारलं,
"उतरवणारा कवाचा उठलाय गं?"

मला माहीत नव्हतं.
चाकांखालून धूर उठला, विमान टेकलं, पळत पळत मंदावलं.
तेव्हा कुठं आप्पांनी
तीन बोटांची मूठ सोडली.