लाभ, दोन, तीन

मिरजेत, दवाखान्यासमोर माझं दुकान, सहा बाय आठ.
रिचार्ज, झेरॉक्स, टफन ग्लास,
आणि ज्यांचा पेशंट आत आहे त्यांच्यासाठी
चार्जिंगचे बारा पॉइंट, फुकट.

समडोळीचे भूपाल चौगुले आले,
काउंटरवर फोन ठेवला, मेसेजवर बोट.
"ताई, सकाळी दीड जीबी हुतं.
आता नव्वद टक्के संपलं म्हणतंय.
मी तर कुणाशी बोललोबी नाही.
कोण खाल्लं?"

खात नाही हो कुणी काका. मोजतात.

माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात मापाडी होते.
शाळूचं पहिलं माप ओतताना ते एक म्हणत नसत.
लाभ, म्हणायचे. मग दोन. मग तीन.
त्याला एक चाल होती,
मोजणी चुकू नये एवढ्यापुरती.

तसाच एक मापाडी कुठंतरी बसलाय,
पुण्यात म्हणा, हैदराबादेत म्हणा,
तुमची कणगी त्याच्यापुढं.
तुम्ही फोन उघडला की दारावरचा हमाल त्याला विचारतो,
ह्यांची शिल्लक आहे का?
तो सगळं पोतं देत नाही.
एक पायली तुमच्या नावानं बाजूला काढतो,
एवढं ने, सरत आलं की ये.
हमाल जातो, येतो. पुन्हा पायली.
मध्येच तुम्ही बंद केलंत
तर उरलेलं कणगीत परत, दाणा न दाणा.
तुमचा अंगठा काचेवरून उठायच्या आत हे सगळं,
आणि त्याच वेळी लाखो लोकांचं.

"चुकत नाही?"
चुकत नाही, म्हटलं, आणि जरा अडखळले.
वडीलही चुकत नसत,
पण शेवटच्या मापाला शीग ठेवत.

चौगुलेकाकांनी चष्मा पुसला.
"शेवटची पायली त्याला कळती?"
कळते. तिच्यासोबत तो चिठ्ठी देतो,
ही शेवटची, ह्यानंतर दार लाव.
ते समोर तिसऱ्या मजल्याकडं बघत राहिले.
मला वाटलं, एवढं सांगायला नको होतं.

मग सेटिंगमध्ये जाऊन मी त्यांना दाखवलं:
व्हिडिओ कॉल, दोन तास एक्कावन्न मिनिटं.
"हां, ते व्हय. पिंपरीची पोरगी.
थर्मासला टेकवून ठेवलावता फोन.
हिला झोप लागलेली.
पोरगी नुसती बघत हुती."
बोललं कोणीच नाही?
"नाही. झोपंचंबी माप लागतंय?"

लागतं, काका.
तोंड हललं काय, नाही हललं काय,
चित्र तर जातच असतं.

एकोणीसचं पॅक मारू?
"नको. बाराला नवीन येतंय न्हवं?"
येतं. पण आजचं उरलेलं उद्याला जात नाही हं.
"उरतंय कुठं?"

ते पायरीवर बसले, वायर आतल्या पॉइंटला.
मी मशीनचा टोनर बदलायला घेतला,
खरं तर तो पुढच्या आठवड्यापर्यंत चालला असता.
चहावाल्यानं स्टोव्ह विझवला.
एक ॲम्ब्युलन्स आली, सायरन न वाजवता.
साडेअकराला त्यांनी विचारलं, किती वाजले.
पावणेबाराला परत विचारलं,
फोन हातातच होता त्यांच्या.

बाराला मी मान हलवली.
त्यांनी अंगठा दाबला.
पहिली पायली घेऊन हमाल कुठंतरी पळाला असेल.
पलीकडून "पपा" ऐकू आलं,
झोपेतलं नव्हतं ते, जागं होतं.
"थांब, बंद करू नको. जिना चढतोय," म्हणाले,
आणि फोन छातीशी धरून रस्ता ओलांडला.

तिला पिंपरीत आता सदऱ्याचं बटण दिसत असेल,
नाहीतर जिन्यातला अंधार.
तोही मोजला जातोय.

शटर ओढताना मी म्हटलं, लाभ.
दोन म्हणायला थांबले नाही.