अपूर्णांक वगळून

उदगीरच्या मोंढ्यात, काटेदुरुस्तीच्या दुकानावरच्या माळ्यावर
सफिया अत्तार आणि मी, आज नववा दिवस,
अंगठ्याएवढ्या एका बोर्डाला बोलतं करूलालोत.

पहिले दोन दिवस केबलनंच खाल्ले.
बोर्डावर दिवा लागायचा, पण कॉम्प्युटरला बोर्ड दिसेना.
तिसऱ्या दिवशी सफियानं वायर सोलली:
"सर, ही नुसती जेवू घालती. बोलणं नेत नाही."
आत चारच्या जागी दोनच तारा.
माझ्या ओळखीत अशी घरं आहेत.

मग कंपाईल.
फाटक्या पोत्यातून तूर सांडावी
तशा पडद्यावरून ओळी,
आणि दर खेपेला तळाशी तेच: मावत नाही.
अकरा हजार दोनशे आठ बाइट जास्त.
भाषा मोठी, खोली लहान.

एकेक सामान बाहेर काढलं.
मदतीचा मजकूर काढला, इथं मदत मागणार कोण?
नेटवर्क काढलं. तारीख-वार काढले.
तरी तीन हजार उरलेच.

"अपूर्णांक काढू," सफिया म्हणाली.

मी जिन्यातून खाली बघितलं.
खाली बसवंतअप्पा हुडगे,
चाळीस वर्षं या मोंढ्याचे दुभाषी.
बिदरचा व्यापारी कन्नडमधून भाव बोलतो,
अप्पा तो मापाड्याला दखनीत देतात, गाडीवाल्याला मराठीत.
एक वाक्य घ्यायचं, एक वाक्य द्यायचं,
पुढचं येईस्तोवर गप्प.
आम्ही बोर्डात बसवतोय तेही हेच, फक्त पगार नाही.

"अप्पा, अडीच काढून टाकलं तर काटा चालंल का?"
"चालंल की. ग्रॅममधी मोजा.
अडीच किलो म्हणजे अडीच हजार ग्रॅम."
आणि स्वतःच हसले,
कारण अडीच दारातून घालवलं
तर हजाराचा हात धरून खिडकीतून आलं.

मावलं.
सत्तावीस बाइट शिल्लक राहून मावलं.

बोर्डात भरताना एकसष्ट टक्क्यांवर लाईट गेली.
पंखा थांबला, पडदा काळा,
बोर्डावरचा दिवाही गेला.
"मेलं," मी म्हणालो.
लाईट आली तेव्हा चहा गार झाला होता.
सफियानं बोर्डावरचं बारकं बटण नखानं दाबून धरलं,
तसंच धरून वायर लावली, मग सोडलं.
"ह्याच्या पोटात कारखान्यानं कोरलेली एक ओळ असती, सर.
आपण काहीबी केलं तरी ती पुसत नाही.
ती म्हणती, मी आहे, पुन्हा भरा."

पुन्हा भरलं.
संध्याकाळी सव्वासहाला पडद्यावर तीन बाण आले,
उजवीकडे तोंड करून, वाट बघत.

काय विचारावं सुचेना.
सफियानं दिवा लाव म्हणून लिहिलं, लागला.
बाराशे अधिक तेराशे लिहिलं.
पंचवीसशे, लगेच.
मग तिला काय वाटलं कोण जाणे,
लिहिलं: पाच भागिले दोन.

चूक, बोर्ड म्हणाला. हे मला येत नाही.

ती जिन्यात वाकून ओरडली,
"अप्पा, पाच भागिले दोन?"
खालून, पोत्यांवरचा कुणाचा तरी हिशोब न थांबवता,
"एरडूवरे. ढाई. अडीच.
कुणाला सांगायचंय?"

खोक्यात अजून एकोणचाळीस बोर्ड आहेत.