हवा पिणारा पंप

नळ उघडला तर नळ नुसता खोकला.
एकदा. मग तेही नाही.
सिंकखाली पंप मात्र घुर्र घुर्र करत राहिला,
जेवणं आटोपल्यावर उगाच भांडी वाजवत बसलेल्या
माणसासारखा.

वाडीचा ट्रकतळ. मे महिन्यातले सकाळचे अकरा.
पत्र्याला बोट लावलं तर बोट तिथंच राहील असं ऊन.
गाडी आमची शहाण्णवची मॅटाडोर,
पूर्वीचा फिरता नेत्रतपासणी दवाखाना.
लिलावात घेतली, दोन हात पांढरा दिला,
तरी तिरक्या उन्हात डाव्या कुशीवर
अजून उमटतं: मोतीबिंदू वेळीच ओळखा.

यशोधर फोनवर, पुण्याहून, नव्या गुडघ्यासह.
'फ्यूज बघितलास?'
बघितला.
'मग टाकी रिकामी असणार.'
चाळीस लिटर आहे. कोपरापर्यंत हात घालून पाहिलं.
'मग तूच काहीतरी केलंस.'
मी फोन डाळीच्या डब्यात ठेवला
आणि त्याला बोलू दिलं.

टाकीत पाणी होतं, तारेत वीज होती, पंप फिरत होता.
सगळं असून नळ कोरडा.
संसारात असं होतं हे ठाऊक होतं,
मशीनमध्येही होतं हे नव्हतं.

शेजारच्या ट्रकचा क्लीनर दात घासता घासता म्हणाला,
'कूलरवाल्याकडे न्या ना जी.
आपल्या नागपुरात पंपाचा डॉक्टर म्हंजे तोच.'

कवडू हेडाऊंच्या दुकानापुढे
उघडे पडलेले नऊ कूलर, नऊ तापलेली घरं,
आणि ओल्या वाळ्याचा असा वास
की मी दोन मिनिटं काही न बोलता उभी राहिले.
त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला टेकवलं,
मूठ कानाला. डोळे मिटले.
'हवा पिऊन राह्यला हा.'
काऊन? (हा शब्द माझ्याही तोंडातून निघून गेला.)
'तोंड सुकलं ना त्याचं.
सुकल्या तोंडानं ओढन कसा, बाप्पा?'

चार स्क्रू. आत नखाएवढी रबराची झडप,
उन्हानं पापड झालेली.
नवी? 'भेटन. दिल्लीहून. आठ दिवसांनी.'
मग त्यांनी सायकलची जुनी ट्यूब काढली,
खिळ्यांच्या डब्यातून चार आण्याचं नाणं काढलं,
बाजारातून केव्हाच उठलेलं, फक्त मापासाठी जपलेलं,
त्याच्याभोवती पेन फिरवलं आणि कात्री घेतली.

पंप जुळला, तरी पाणी नाही.
मी तोंड उघडणार तोच हेडाऊंनी लोटा उचलला,
पाइपच्या तोंडात धार सोडली, अंगठा दाबून धरला.
'पह्यले याले घोटभर पाजा,
मंग हा तुमाले पाजन.'

घुर्र. घुर्र. मग आवाज जड झाला,
जशी दम लागलेल्या माणसाला मांडी टेकायला जागा मिळावी.
आधी तांबूस. मग बुडबुडे. मग पाणी.
ते कढत होतं, टाकीही उन्हातलीच,
तरी मी चेहरा धरला खाली.

साठ रुपये. मागून कूलरवाल्या बाई ओरडत होत्या.
'रात्री एखांद्या वेळेस आपल्याच मनानं चालन,'
हेडाऊ म्हणाले, 'घाबरू नका.'

डाळीच्या डब्यातून: 'आलं का?'
आलं.
'फ्यूजच होता ना?'
हो, म्हटलं.

रात्र बुटीबोरीच्या पुढे, एका बंद धाब्यामागे.
पंप खरंच आपल्या मनानं चालला.
दोन सेकंद, आणि गप्प.
कुठेतरी थेंब सुटत असणार.
अकरा मिनिटांनी पुन्हा. मग नऊ.
मी घड्याळ उशाशी घेऊन मोजत होते.

स्विचखाली यशोधरच्या अक्षरात चिठ्ठी आहे:
झोपताना बंद करणे.

केला नाही.