पावणेसहाचं ऊन

ऑक्टोबर. मोरकंबचा सीझन सरत आलेला,
आर्केडमध्ये गिऱ्हाईक तुरळक, दुरुस्ती फार.
ऑग्डेन जुन्या यंत्राचं पोट उघडून दाखवतो:
ही फट, हा उतार, आणि हा चिमुकला पाळणा.
नाणं इथं क्षणभर टेकतं.
वजनात भरलं तरच पाळणा कलतो.
जाड असेल तर फटीतच अडतं,
लोखंडी असेल तर लोहचुंबक सोडत नाही.
एवढ्यातून निभावलं, तर शेवटी एक तार,
मांजराच्या मिशीएवढी.
नाणं तिच्यावर पडतं, ती वाकते. टक्.

"आमच्याकडे बंदा रुपया वाजवून घ्यायचे म्हणे,"
मी सांगितलं. त्यानं डब्यातून जुनं, मोठ्या आकाराचं
दहा पेन्सचं नाणं काढून काउंटरवर आपटलं
आणि कान तिरका करून ऐकत राहिला,
गरजेपेक्षा जास्त वेळ.

तीन नंबरचं यंत्र नवं. त्यात पाळणा नाही, तार नाही.
एका भिंतीत दिवा, समोरच्या भिंतीत डोळा.
मधून नाणं पडलं की उजेड तुटतो,
किती तुटला त्यावरून ठरतं
बारा कोनांचा पाउंड, की कोटाचं बटण.
नाण्याला कुणी शिवतसुद्धा नाही,
फक्त सावली मोजली जाते.
मला ते आवडायचं. झिजायला काही नाही,
सांडलेलं सरबत खरवडायला नाही.

मिसेस हेस्केथ रोज बसनं येतात,
मोहरीच्या रिकाम्या डबीत पाउंड घेऊन.
म्हणाल्या, "तुमचं तीन नंबर संध्याकाळी पैसे खातं."
मी सकाळी पन्नास नाणी टाकली,
त्यानं पन्नास मोजली.
वहीत लिहिलं: दोष आढळला नाही.
वय झालंय त्यांचं, हे लिहिलं नाही,
मनात होतंच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी बाही धरली.
"आता इथं उभी राहा."
ओहोटीची ओली वाळू मैलभर चमकत होती.
ढगांच्या खालच्या कडेतून ऊन निसटलं,
दारातून तिरकं आत आलं,
गालिच्यावरचे डाग ओलांडून
थेट तीन नंबरच्या फटीत शिरलं.
मी पाउंड टाकला. काही नाही.
आणखी एक. काही नाही.
डोळा दिपला होता.
एवढ्या उजेडात
एका नाण्याच्या सावलीला कोण विचारतो.

शेजारचं जुनं यंत्र त्याच उन्हात होतं.
एका पोरानं ऑग्डेनकडून उसनं नाणं घेतलं,
टाकलं. टक्.
ते जन्मापासूनच आंधळं.

रात्री पेटी उघडली. माझे दोन बाजूला काढले,
तरी आकड्यापेक्षा नऊ पाउंड जास्त निघाले.
मिसेस हेस्केथनी नऊच सांगितले होते.
मी ते परत डबीत टाकले, एकेक करून;
त्यांनी मोजले नाहीत,
डबी कानाशी नेऊन एकदा हलवली फक्त.

फटीवर काळ्या पुठ्ठ्याची झापड चिकटवली,
घोड्याला बांधतात तशी.
मग वही काढली. कालची ओळ खोडली,
नीट दिसेल अशी खोडली,
आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं:
ऊन.