तांब्याभर पाणी

सियागंजात, ताडपत्र्यांच्या गठ्ठ्यांमागे
मुस्तन्सिरभाईंचं दुकान. वर दोरीला
टोप्या उलट्या टांगलेल्या, दुपारच्या वटवाघळांसारख्या.
"जानापावला जायचंय," मी म्हटलं, "भर श्रावणात, पायी."
त्यांनी आधी माझ्या चपला पाहिल्या,
मग डोकं.

रेनकोटाचं टोपडं नको, मी सांगून टाकलं.
ते कानावर घासतं, आणि डाव्या कानातलं माझं यंत्र
ते घासणं मोठं करून मलाच ऐकवतं,
जणू डोक्यात कुणी पोत्यातून
गहू ओततंय, सबंध डोंगरभर.
छत्रीही नको. गेल्या साली दिघ्यांची छत्री
वारा घेऊन गेला, आणि दिघे बराच वेळ
नुसती मूठ धरून चालत राहिले
सभ्य माणसासारखे.

पहिली सुती, फुलाफुलांची.
"ये तो धूप की है," म्हणत त्यांनीच बाजूला ठेवली.
दुसरी लोकरी नमद्याची. भिजली की
मेंढीचा वास येणार, आणि मेंढीएवढं वजन.
तिसरी प्लास्टिकची: बाहेर कोरडं, आत पाऊस.
चौथीचा काठ एवढा रुंद
की पुढच्याचे फक्त बूट दिसावेत.
डोंगर चढायचा आणि डोंगर बघायचा नाही,
तशी नोकरी करून झालीय माझी.

पाचवी मेणकापडाची, शेवाळी.
पुढे काठ आखूड, मागे लांब, हनुवटीखाली नाडी.
आरशात मी दिसलेच नाही.
माझे मामा दिसले,
खांडव्याला स्टेशनमास्तर होते ते.

"पाणी आत येणार नाही?"
"लिखके दूँ?"
लिहून नको, म्हटलं. तीस वर्षं
इंदूरच्या नळांचं पाणी काचेच्या नळीत धरून
उजेडाला लावून तपासलंय मी.
कागदावरच्या कोरडेपणावर माझा विश्वास नाही.
ओता.

त्यांचा हात क्षणभर स्वतःच्या टोपीकडे गेला,
पांढरी, सोनेरी काठाची, ती जागेवर आहे ना बघायला.
मग पोराला हाक. तांब्या आला.
दुकानाच्या पायरीवर, हिंग आणि सुतळीच्या वासात
मी मान खाली घालून उभी,
आणि माझ्या एकसष्टाव्या वर्षी
एक परका माणूस माझ्या डोक्यावर
सावकाश, अगदी अदबीनं
पाणी ओतायला लागला.
हमाल थांबले. एकानं तर
उगाच हात जोडले.

मला काही ऐकू आलं नाही.
म्हणजे यंत्र आधीच डबीत काढून ठेवलेलं,
भिजलं तर बावीस हजारांना मुकायचं.
रस्ता बंद, हातगाड्या बंद, भोंगे बंद.
तरी पाणी कळत होतं
कवटीला, भुवईला, दाढेच्या मुळाला,
थेंब न् थेंब वेगळा, वजनासकट.
चार वर्षांत पाणी मला असं
मध्यस्थाशिवाय भेटलं नव्हतं.

"और?" त्यांच्या ओठांवरून वाचलं.
मी मान हलवली, तर काठावरचं सगळं
त्यांच्या जोड्यांवर.
सातशेची टोपी साडेपाचशेला दिली.
भिजलेला माल, म्हणाले.

रविवारी महूच्या पुढे आभाळ जमिनीला टेकलेलं.
चिखल बुटाला धरायचा, सोडताना कुरकुरत असणार.
शेजारी दिघे, नव्या छत्रीसकट,
छत्री मिटलेली, काखेत.
ते काहीतरी सांगत होते, हात हलवून, मनापासून.
टोपीवर पाऊसही सांगत होता.
डबी पिशवीच्या तळाशी होती.
मी दोघांनाही हो म्हटलं.

एक सांगायचं राहिलं.
मागचा काठ कितीही लांब असो,
बुटाची नाडी बांधायला वाकलं
की पाणी मानेतून थेट पाठीत उतरतं.
पण त्यांनी तरी कुठे
लिहून दिलं होतं.