गेलेर

सुरुवातीला मी सगळ्यांना तेच विचारते.
पेसमेकर? नाही.
भोवळ, फिट, कातडीला कुठं बधिरपणा? नाही.
अंगात धातू?
हिल्मो उजव्या हातानं शर्टाची बटणं सोडत होता,
डावा मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.
म्हणाला, आहे की. त्र्याण्णवपासून.

तोफगोळ्याच्या कपचीला इथं गेलेर म्हणतात.
नाव गेलेर, पण जात मात्र नाही.
फिल्मवर दिसली : खांद्याच्या फऱ्यामागे,
पांढरीशुभ्र, भोपळ्याच्या बीएवढी.

म्हणजे कोपऱ्यातलं मोठं यंत्र बाद.
शॉर्टवेव्ह. दोन तबकड्या, मधे माणूस,
आणि ऊब थेट आत, हाडाला कुणी कुशीत घ्यावं तशी.
पण धातू ती लहर मुकाट पितो,
कातडीला पत्ता लागायच्या आत
आजूबाजूचं मांस भाजून काढतो.
चुंबकाची गादीही नको.
उरला उजेड.
तसं सांगितलं, तर हसला.
उजेड? ते तर माझं खातं.

लाल दिवा, अर्धा मीटर दूर, पंधरा मिनिटं,
डोळ्यांवर काळा चष्मा.
खिडकीखाली द्रिना,
वरच्या डोंगरांचा बर्फ पिऊन फुगलेली.

वेढ्यात गोराज्देला वीज नव्हती.
हा कारखान्यात मोटारींना तार गुंडाळायचा.
मग रिकाम्या पिंपांचा तराफा केला,
फळ्यांचं चाक, मेलेल्या ट्रकचा अल्टरनेटर,
दोरखंडानं सगळं पुलाला बांधलं
आणि पुलावरून वायर नेली घराघरांत.
नदी जोरात, तर दिवा पिवळा.
नदी आळसावली, तर दिवा विटकरी.
ओंडका अडकला की गल्लीभर अंधार,
आणि कुणाला तरी पाण्यात उतरावं लागे,
रात्रीच. दिवसा समोरच्या टेकडीवरून दिसायचं सगळं.

त्याला तळघरात आडवा घातला
तेव्हा वर टांगलेला दिवा त्याच्याच तारेवरचा.
डॉक्टरनं दोन कपच्या काढल्या.
तिसरी शोधताना चाकात काहीतरी अडकलं.
काय अडकलं ते विचारू नकोस, म्हणाला.
मी विचारलं नाही.

मी तेव्हा पाच वर्षांची.
आठवत काहीच नाही, म्हणजे जवळपास काहीच.
आई मात्र अजून खोली सोडताना दिवा मालवते,
आत पाहुणा बसलेला असला तरी.

खरं सांगायचं तर हा उजेड
त्या बीपर्यंत पोचत नाही.
कातडीत मिलिमीटर-दोन मिलिमीटर उतरतो, दमतो.
रक्त तेवढं वर येतं, स्नायू जरा सैलावतो,
मग उरलेलं काम माझ्या अंगठ्यांचं
आणि त्याच्या शिव्यांचं.
भिंतीवर पेन्सिलच्या खुणा आहेत.
पहिला दिवस, बासष्ट अंश.
नववा, एकाहत्तर.
दहाव्याला सत्तर. लिहून ठेवलं तेही.

आज मध्येच चष्म्याआडून विचारलं,
किती वॅटचा गं हा?
अडीचशे.
त्यानं शीळ घातली.
अडीचशे! एका खांद्यावर!
आणि मोजायला लागला :
मुनिराचं घर, तिच्या सासऱ्याचं,
बेकरीतला एक, शाळेच्या तळघरातला,
रेडिओ, बातम्यांपुरता,
सेनादाचं, ती बाळंत झाली त्या आठवड्यापुरतं...
बोटं डाव्या हाताची होती.
घरं वाढत गेली तसा हात
मांडीवरून उठला, छातीशी आला, हनुवटीशी,
आणि कोपर हवेत राहिलं,
एखादं घर विसरल्यासारखं.

कोनमापक माझ्या खिशात होता.
तिथंच राहू दिला.

घंटी वाजली.
मी पुढं होण्याआधी दिवा त्यानंच बंद केला,
उजव्या हातानं,
पुढचा पेशंट दाराशी खोकत होता तरी.