बत्तीस अंश

तिसऱ्या मजल्यावरचं बिऱ्हाड रातोरात गेलं.
मागे उरलेलं उपसायला मला पाठवतात:
गाद्या, बुरशी, कुणाच्या तरी पोहण्याच्या ट्रॉफ्या.
न्हाणीघरात काचेची पेटी,
झाकणावर चिकटपट्टी, तिच्यावर पेनाने: मॉरिस.
आत छोटा अजगर,
पिळून टाकलेल्या टॉवेलसारखा.

सुपरवायझर म्हणाला, फेकून दे, सेंगा.
मी म्हटलं, हो.
आणि उशीच्या अभ्र्यात घालून, कोटाच्या आत,
बसने घरी आणलं त्याला.
ग्रीनॉकला जानेवारीत नदीवरून जो वारा येतो
त्यात कुणी ना कुणी पोटाशी हवंच.

रात्री ऐकू आली. श्वासात शिट्टी.
बारीक, किटलीला उकळी फुटण्याआधीची.
आर्ची जाण्यापूर्वी दोन हिवाळे
मी याच शिट्टीशेजारी झोपले.
गोदीत जहाजांच्या पोटात शिरून
त्याने तीस वर्षं पांढरी धूळ गिळली.
भरपाईचं पत्र आलं तेव्हा
शिट्टी थांबून आठ महिने झाले होते.

पेझलीची डॉक्टरीण म्हणाली, फुप्फुसं भरलीत.
आणि हा मॉरिस नाही, ही मादी आहे.
मी म्हटलं, नाव राहू दे,
बिचारीचं एवढंच सामान आहे.
सात इंजेक्शनं, दर तीन दिवसांनी एक.
बिल ऐकून मी हाताने खुर्ची चाचपली.
तिने आकडा खोडला, लहान लिहिला,
तोही पाच हप्त्यांत.
वर म्हणाली, ऊब. औषधापेक्षा ऊब. बत्तीस अंश.

आता फ्रीझरमध्ये वाटाणे,
तीन गोठलेले उंदीर आणि सात सुया.
माझी बहीण मोयरा बर्फ शोधायला गेली
आणि अजून फोन उचलत नाही.

मीटर किल्लीवर चालतो.
कोपऱ्यावरच्या दुकानात किल्लीत पैसे भरायचे,
पैसे संपले की अंधार, विचारत नाही.
मॉरिसची चटई चालू, म्हणून हीटर बंद.
टीव्ही बंद. किटली दिवसातून दोनदा:
एक कप मला, उरलेलं पाणी रबरी पिशवीत,
पिशवी पेटीखाली.
पोटाला चिमटा काढतात म्हणे.
पोटाचं नंतर बघू, आधी बोटं जातात.

खालचा डूगल धरायला येतो. जन्मभर वेल्डर,
ठिणग्यांना भ्यायला नाही.
त्याला सापाची भीती, मला सुईची,
मॉरिसला आम्हा दोघांची.
धर, म्हणते मी. धरलंय, म्हणतो तो, डोळे मिटून.

साप डूख धरतात असं ऐकलंय.
धर ना, बाई. नावं मी सांगते:
तुला न्हाणीघरात सोडून गेला तो,
वीज कंपनी,
आणि ते पत्र सावकाश टाईप करणारा
जो कोणी असेल तो.
ती नुसती जीभ काढते. आत घेते.
बहुतेक तिला फक्त पाणी हवं असतं.

पाचव्या सुईनंतरची रात्र.
मीटरने पिंक केलं, उधारीवर गेला.
मी अंधारात मोजत बसले, पाच पाउंडांत किती तास,
आणि मग लक्षात आलं: शिट्टी नाही.
काहीच नाही.
मी उठले नाही. आर्चीच्या वेळीसुद्धा
लगेच उठले नव्हते.

मग टॉर्च.
ती पेटीच्या काचेला नाक लावून जागी,
तोंड मिटलेलं, बरगड्या वरखाली, आवाजाविना.

स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवलं:
अकरा ग्रॅम जास्त.
पुन्हा ठेवलं. नऊ. ती हलत होती.
मी अकरा लिहिले.

दोन सुया उरल्यात. पगार शुक्रवारी.
उंदीर वितळायला ठेवलाय, बशीत,
माझ्या चांगल्या बशीत, कारण दुसऱ्या सगळ्या
धुवायला गरम पाणी लागतं.